नावे शंभरावर, भरवसा कोणावर?

पावसाने जोर धरला की या सदराच्या टपालात एका विषयाची पत्रे वाढू लागतात. मुंबईतल्या ज्या घरांतली मुले अमेरिकेत शिकायला गेली आहेत, त्या घरांत मुलांच्या मागोमाग तिथल्या कॉलेज फुटबॉलची गोडीही शिरली आहे. ऑगस्टअखेर हंगाम सुरू होण्यापूर्वी संघाची यादी हाती पडली, की आई, वडील, मामा, आत्या असे सगळेच ती वाचू लागतात. कूपरेजवर खेळला जातो तो फुटबॉल हा नव्हे. लांबट चेंडूचा, शिरस्त्राण आणि खांद्यांवर कवच घालून खेळायचा हा खेळ आहे. संघाच्या यादीविषयीची आणि तिच्यावरून बांधल्या जाणाऱ्या अपेक्षांविषयीची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा पर्ड्यू विद्यापीठात शिकतो. त्याने पाठवलेल्या यादीत शंभराच्या आसपास नावे आहेत. मैदानात एका वेळी अकराच खेळाडू असतात, मग एवढे कशासाठी? आणि आमच्यासारख्या नवख्यांनी ही यादी कुठून वाचायला घ्यावी? (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : अकरा हा आकडा एका तुकडीचा आहे. या खेळात चढाईची तुकडी वेगळी, बचावाची वेगळी आणि पायाने चेंडू मारण्याच्या प्रसंगांसाठी तिसरीच असते. चेंडूचा ताबा एका संघाकडून दुसऱ्याकडे गेला की अकराच्या अकरा खेळाडू बाहेर येतात आणि दुसरे अकरा आत जातात. खेळाडू किती वेळा बदलावेत यावर बंधन नाही. नियमित हंगाम बारा सामन्यांचा असतो आणि प्रत्येक सामन्यात धडका बसणारच, म्हणून प्रत्येक जागेसाठी निदान दोन माणसे तयार ठेवावी लागतात. पूर्वी एका संघाला ८५ खेळाडूंना शिष्यवृत्ती देता येत असे आणि त्यांच्याशिवाय स्वखर्चाने शिकून खेळणारी मुलेही संघात असत. जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने, खेळाडूंनी कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेवर केलेल्या दाव्यातल्या एका मोठ्या तडजोडीला मान्यता दिली. त्यानंतर ती तडजोड स्वीकारलेल्या विद्यापीठांसाठी शिष्यवृत्त्यांवरची मर्यादा गेली आणि तिच्या जागी एकूण १०५ खेळाडूंची मर्यादा आली. तुमच्या हातातल्या यादीत शंभराच्या आसपास नावे आहेत ती यामुळे.

आता ती वाचायची कुठून? बहुतेक सगळे क्वार्टरबॅकपासून, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या आणि चढाईची सूत्रे हलवणाऱ्या खेळाडूपासून सुरुवात करतात. माझा सल्ला वेगळा आहे. त्याच्यापुढे भिंतीसारखे उभे राहणारे जे पाच जण असतात, त्या ऑफेन्सिव्ह लाइनपासून सुरुवात करावी. मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल, असे हे पाच जण. प्रत्येकाचे वजन एकशेतीस-एकशेचाळीस किलोच्या घरात असते, चेंडू त्यांच्या हाती क्वचितच राहतो आणि गुणफलकावर त्यांचे नाव जवळजवळ कधीच येत नाही. त्यांच्याबद्दल एकच गोष्ट शोधा : या पाचांपैकी किती जण गेल्या वर्षी याच संघात, याच जागांवर, एकमेकांच्या शेजारी उभे राहून खेळले आहेत?

या प्रश्नाला मी एवढे महत्त्व का देतो, ते थोडे सविस्तर सांगायला हवे. समोरचे दोन बचावपटू कधी कधी धावता धावता एकमेकांच्या जागा बदलतात. अशा वेळी गार्ड आणि टॅकल या दोघांनीही निमिषार्धात आपापला माणूस बदलून घ्यावा लागतो. एकाने बदलला आणि दुसऱ्याने बदलला नाही, तर मधून कोणीतरी सुटतो आणि क्वार्टरबॅकच्या अंगावर जातो. प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर, मिशिगनसारख्या लाखावर प्रेक्षक बसणाऱ्या स्टेडियममध्ये, शेजारच्याचा शब्दही ऐकू येत नाही. तिथे हे सगळे शेजाऱ्याच्या खांद्याच्या हालचालीवरून कळावे लागते, आणि ही समज शरीरयष्टीतून येत नाही, सहवासातून येते. पाचांपैकी चार जुने असतील तर साधारण वकुबाचा क्वार्टरबॅकही चांगला दिसतो. पाचही नवे असतील तर कितीही नावाजलेला मुलगा असला, तरी तो पहिले काही आठवडे पाठीवर आपटत राहण्याची शक्यता मोठी असते.

हे पाहून झाले की त्याच पाच जागांवरची दुसरी नावे पाहा. ऑक्टोबरपर्यंत त्यांतली एक-दोन नावे पहिल्या रांगेत आलेली असतात.

प्रश्न : आमच्या भाच्याच्या विद्यापीठाच्या संघात निम्मी नावे नवीन आहेत. गेल्या वर्षी आवडू लागलेले खेळाडू दुसऱ्याच विद्यापीठात गेले. अशा संघाकडून काही अपेक्षा ठेवावी की नाही? (एक वाचक, दादर)

उत्तर : तुमची हळहळ मी समजू शकतो, कारण जुने चाहतेही हेच बोलतात. २०१८ च्या ऑक्टोबरात ट्रान्सफर पोर्टल सुरू झाले, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदवही उघडली. तरीही विद्यापीठ बदलणाऱ्याला बहुधा एक वर्ष बाहेर बसावे लागत असे. २०२१ मध्ये ती अट सैल झाली, आणि त्याच वर्षाच्या १ जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर आणि छबीवर पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. या दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्याने संघांची उलथापालथ सुरू झाली. जुलै २०२५ पासून विद्यापीठे खेळाडूंना आपल्या उत्पन्नातला वाटाही थेट देऊ शकतात. तरी चाहत्यांना दिलासा देणारा एक बदल झाला आहे. पूर्वी एप्रिलमध्येही पोर्टल उघडत असे आणि वसंतातला सराव संपल्यावर संघ पुन्हा फुटत असे. २०२६ पासून ती एप्रिलची मुदत बंद झाली आणि २ ते १६ जानेवारी अशी एकच मुदत ठेवली गेली, त्यामुळे जुलैत हाती येणारी यादी आता पूर्वीपेक्षा अधिक टिकाऊ असते.

नव्या नावांकडून अपेक्षा ठेवावी की नाही, याचे उत्तर इंडियाना या एकाच राज्यातल्या दोन विद्यापीठांच्या वाटचालीत सापडते. पर्ड्यूचा २०२४ चा हंगाम एक विजय आणि अकरा पराभव असा गेला. प्रशिक्षक बदलले, पोर्टलमधून मोठ्या संख्येने खेळाडू आणले गेले, आणि २०२५ मध्ये पुन्हा दोन विजय व दहा पराभव पदरी पडले. त्याच राज्यातल्या इंडियाना विद्यापीठाची २०२३ मधली अवस्थाही अशीच होती : तीन विजय, नऊ पराभव. तिथे कर्ट सिग्नेटी हे नवे प्रशिक्षक आले आणि त्यांनीही संघ जवळजवळ नव्याने उभा केला. पहिल्याच हंगामात अकरा विजय मिळाले. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी या दोन शेजाऱ्यांचा सामना झाला तेव्हा इंडियानाने तो ६६–० असा जिंकला, आणि २०२५ च्या हंगामात तर एकही सामना न गमावता राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

दोन्हीकडे नवी नावे होती, मग एवढा फरक कशाने पडला? कारणे अनेक आहेत, पण मला त्यांतले एक सर्वांत मोलाचे वाटते. सिग्नेटी आधी जेम्स मॅडिसन विद्यापीठाचे प्रशिक्षक होते. इंडियानाला येताना त्यांनी तिथले दहाहून अधिक खेळाडू आणि चढाई व बचाव सांभाळणारे आपले सहायक प्रशिक्षकही बरोबर आणले. कागदावर ती मंडळी नवीन होती, पण एकमेकांना नवीन नव्हती. तिथे तयार झालेली समज त्यांनी उचलून इथे आणली. म्हणून तुमच्या भाच्याला एवढेच विचारा : नवे आलेले खेळाडू कोणकोणत्या विद्यापीठांतून आले आहेत? पंधरा ठिकाणांहून एकेक आले असतील तर पहिल्या वर्षी धीर धरावा लागेल. पाच-सहा जण एकाच ठिकाणाहून, त्यातही प्रशिक्षकाच्या जुन्या विद्यापीठातून आले असतील, तर अपेक्षा थोडी वाढवायला हरकत नाही.

प्रश्न : मी लालबागच्या एका गोविंदा पथकात आहे. आमचा सराव गुरुपौर्णिमेला सुरू होतो आणि अमेरिकेतल्या या संघांचाही सराव साधारण त्याच सुमारास चालू होतो असे वाचले. त्या सराव शिबिरातून रोज काही ना काही बातम्या येतात. त्यांतल्या कोणत्या खऱ्या मानाव्यात? (एक तरुण वाचक, लालबाग)

उत्तर : या प्रश्नाचे निम्मे उत्तर तुम्हाला तुमच्या पथकातच मिळालेले आहे. हंडीच्या दिवशी सगळ्या नजरा वर चढणाऱ्या बालगोविंदावर असतात, पण पथकातल्या जाणत्यांना सरावाच्या पहिल्या आठवड्यातच खालच्या थराकडे पाहून कळते की यंदा कितीचा थर लागेल. खालच्या थरातला एक भरवशाचा माणूस नोकरीमुळे सरावाला येईनासा झाला, तर त्याची बातमी होत नाही, पण त्याच्या शेजारच्या दोघांना ती पहिल्या दिवशी कळते.

तिथल्या शिबिरातही हेच घडते. जुलैअखेरीस किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला सराव सुरू होतो. उन्हाची आणि ओझ्याची सवय व्हावी म्हणून सुरुवातीच्या दिवसांत पूर्ण कवच घालू देत नाहीत, पहिल्यांदा फक्त शिरस्त्राणच असते. म्हणून पहिल्या आठवड्यातल्या ‘अमुक नवा खेळाडू सगळ्यांना मागे टाकतो आहे’ या बातम्यांना मी फारसे वजन देत नाही. अंगाला अंग न लागता धावणारा मुलगा कोणालाही मागे टाकू शकतो. ‘सगळा संघ यंदा एकदिलाने झटतो आहे’ हे वाक्य तर प्रत्येक विद्यापीठाचे प्रशिक्षक प्रत्येक ऑगस्टमध्ये म्हणतात, आणि त्यांनी दुसरे काही म्हणावे अशी अपेक्षाही नाही.

वजन द्यायचे ते तीन प्रकारच्या बातम्यांना. एखादा खेळाडू दुखापतीमुळे सरावाबाहेर असल्याची बातमी बहुधा खरी असते, कारण ती लपवण्याकडेच संघांचा कल असतो. एखाद्या खेळाडूची जागा बदलली, म्हणजे गार्डला सेंटर केले किंवा चढाईतल्या मुलाला बचावात नेले, तर त्या जागी काहीतरी उणे आहे असे समजावे. आणि शिबिराचा तिसरा आठवडा उजाडला तरी पहिला क्वार्टरबॅक ठरलेला नसेल, तर दोघेही उत्तम असल्यामुळे निवड होत नाही हे स्पष्टीकरण मी तरी सहसा स्वीकारत नाही.

प्रश्न : यादीत नावांपुढे तारे दिलेले असतात. जास्त तारे म्हणजे चांगला संघ, हा हिशेब बरोबर आहे का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : हे तारे शाळेत असताना दिलेले असतात. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचा खेळ पाहून भरती-परीक्षक त्याला पाचपर्यंत तारे देतात, आणि पाच तारे मिळणारी मुले सगळ्या देशात दरवर्षी मोजकीच असतात. हा हिशेब पोकळ नाही. अनेक वर्षे असे दिसत आले की राष्ट्रीय विजेत्या संघात भरती झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुले चार किंवा पाच ताऱ्यांची असत. इंडियानाने २०२५ मध्ये त्या प्रमाणाच्या कितीतरी खाली राहून विजेतेपद मिळवले आणि हा पायंडा मोडला. त्या संघाचा क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा शाळेत असताना फारसा कोणाच्या नजरेत नव्हता. तो आधी कॅलिफोर्नियात खेळला, तिथून इंडियानाला आला आणि त्या वर्षी सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी हाइझमन ट्रॉफी त्याने पटकावली. माझ्या मते पहिल्या वर्षाच्या मुलांचे तारे पाहावेत, पण तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या खेळाडूंचे पाहण्यात अर्थ नाही. तोवर तो किती सामने खेळला आणि त्यात काय केले, हे उपलब्ध असते, आणि तेच बघावे.

प्रश्न : हंगामापूर्वी जी क्रमवारी जाहीर होते, तिच्यात वरचा क्रमांक मिळाला म्हणून नातवाने आनंदाने फोन केला. मी आयुष्यभर रणजीचे सामने पाहिले आहेत आणि ‘यंदा मुंबईच’ हे दरवर्षी ऐकले आहे. या क्रमवारीवर कितपत विसंबावे? (एक ज्येष्ठ वाचक, गिरगाव)

उत्तर : आपले उदाहरण चपखल आहे. २०१५-१६ नंतरचे विजेतेपद मिळायला मुंबईला २०२३-२४ चा हंगाम उजाडावा लागला, आणि मधल्या प्रत्येक वर्षी वानखेडेच्या आसपास ‘यंदा मुंबईच’ हेच ऐकू येत होते.

अमेरिकेत पत्रकारांच्या मतांवरून ठरणारी असोसिएटेड प्रेसची क्रमवारी १९३६ पासून आहे आणि हंगामापूर्वीची १९५० पासून. ही क्रमवारी लावताना गेल्या वर्षीचे यश आणि यंदाची नावे हेच मुख्यतः समोर असते, आणि तिथेच ती फसते. फ्लोरिडा स्टेटने २०२३ चा नियमित हंगाम आणि आपल्या गटाचे अजिंक्यपद एकही सामना न गमावता पार केले. त्यानंतर संघातले बरेच जण व्यावसायिक फुटबॉलकडे गेले आणि त्यांच्या जागी पोर्टलमधून नावाजलेले खेळाडू आले. २०२४ च्या हंगामापूर्वी त्यांना दहावा क्रमांक मिळाला. पहिलाच सामना डब्लिनमध्ये जॉर्जिया टेककडून ते २४–२१ असे हरले आणि वर्षाअखेरीस दोन विजय व दहा पराभव अशी त्यांची स्थिती होती. २०२५ मध्ये टेक्सास विद्यापीठाला हंगामापूर्वी प्रथमच पहिला क्रमांक मिळाला, आणि पहिल्याच सामन्यात त्यांना ओहायो स्टेटकडून १४–७ अशी हार पत्करावी लागली.

मात्र एक उदाहरण माझ्या स्वतःच्या कसोटीच्याही विरुद्ध जाते आणि ते सांगितलेच पाहिजे. २०२५ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या पेन स्टेटचा बराचसा जुना, एकत्र खेळलेला संघ परत आला होता. मी वर जे जे पाहायला सांगितले आहे ते बहुतेक सगळे त्यांच्याकडे होते. तरी ओरेगॉनविरुद्धचा अटीतटीचा सामना ते हरले, त्यानंतर सलग दोन सामने तुलनेने दुबळ्या संघांकडून हरले आणि ऑक्टोबरच्या मध्यावरच अकरा वर्षांपेक्षा अधिक काळ असलेले प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिन यांना जावे लागले. एका पराभवानंतर मोडून पडणे किंवा न पडणे कोणत्याही यादीत लिहिलेले नसते. नातवाला आनंद जरूर घेऊ द्या, मात्र क्रमांकाबरोबर त्याला सामन्यांचे वेळापत्रकही पाहायला सांगा. एका गटातले सगळे संघ एकमेकांशी खेळत नाहीत. पर्ड्यू आणि इंडियाना ज्यात आहेत त्या बिग टेनमध्ये नावाला दहा असले तरी १८ संघ आहेत आणि गटातले सामने नऊच. कोणाच्या वाट्याला कोण आले, यावर एक-दोन विजय सहज इकडचे तिकडे होतात.

प्रश्न : काही नावांपुढे ‘रेडशर्ट’ असे लिहिलेले असते. ही शिक्षा आहे का? (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : शिक्षा नाही. ज्या वर्षी खेळाडू सामन्यात उतरत नाही ते वर्ष त्याच्या खेळण्याच्या चार वर्षांत धरले जात नाही, त्याला हे नाव आहे. २०१८ मध्ये नियम सैल झाला आणि चार सामन्यांपर्यंत खेळूनही ते वर्ष राखता येऊ लागले. ऑफेन्सिव्ह लाइनमधल्या मुलांसाठी तर हे वर्ष बहुधा अंग भरण्यासाठी आणि डावपेच शिकण्यासाठीच ठेवलेले असते. यादीत त्यांच्यापुढे हा शब्द दिसला तर ती चांगली खूण समजावी.

प्रश्न : माझ्या मुलीच्या वर्गात संघातला एक मुलगा आहे. तो स्वखर्चाने शिकतो आणि सरावाला पहाटे पाचला उठतो. मागच्या हंगामात त्याच्या हातून चेंडू निसटला, तर लोकांनी त्याला नको नको ते लिहून पाठवले. हंगामापूर्वी एवढ्या अपेक्षा बांधल्या जातात म्हणूनच हे होते, असे मला वाटते. आपले मत काय? (एक आई, डोंबिवली)

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. त्या मुलासारख्यांना तिथे ‘वॉक-ऑन’ म्हणतात. १०५ ची मर्यादा आली तेव्हा सर्वांत आधी धास्ती वाटली ती त्यांनाच, कारण पूर्वी शिष्यवृत्ती नसलेल्यांना सामावून घ्यायला जागा असे. तडजोडीला मान्यता देण्यापूर्वी न्यायाधीशांनी याच मुद्द्यावर हरकत घेतली, आणि ज्यांच्या जागा जाणार होत्या त्यांना या मर्यादेबाहेर ठेवण्याची तरतूद करून घेतली. याच वाटेने आलेला बेकर मेफिल्ड २०१७ मध्ये हाइझमनचा मानकरी झाला आणि स्टेटसन बेनेटने जॉर्जियाला २०२१ व २०२२ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवून दिली.

अपेक्षा बांधण्याला मात्र मी दोष देणार नाही. ज्या संघाकडून कोणी काही अपेक्षाच ठेवत नाही, त्याच्या खेळाडूंनाही ते जाणवते. दोष आहे तो अपेक्षा एका नावावर टांगण्यात. चेंडू निसटला त्या क्षणाआधी कदाचित फेकणाऱ्यावर कोणी चालून आले असेल, त्याला घाईने फेकावे लागले असेल, कारण समोरच्या पाचांपैकी दोघांची अदलाबदल चुकली असेल. हे ज्याला दिसते तो त्या मुलाला तसे लिहीत नाही. ज्याला दिसत नाही त्याने लिहू नये, एवढे तरी आपण आपापल्या घरातल्या चाहत्यांना बजावू शकतो, आणि माझ्या घरात मी ते बजावलेले आहे. आपल्या मुलीला शक्य असेल तर पुढच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, निकाल काहीही लागो, तिने त्या मुलाशी वर्गातल्या विषयाबद्दल बोलावे. वीस वर्षांच्या मुलाला तेवढ्यानेही बरे वाटते.

प्रश्न : हे सामने मुंबईत किती वाजता पाहता येतात? (दोन वाचक, चेंबूर आणि माहीम)

उत्तर : बहुतेक सामने शनिवारी होतात. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या वेळेनुसार दुपारी बाराचा सामना आपल्याकडे शनिवारी रात्री साडेनऊला, साडेतीनचा शनिवारी मध्यरात्र उलटून एकला आणि संध्याकाळी साडेसातचा रविवारी पहाटे पाचला सुरू होतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे जातात, त्यामुळे त्यापुढचे सामने आपल्याकडे एक तास उशिरा लागतात.